निळं पोर्ट

खेडगल्लीतल्या माझ्या दुकानात
दोन हजार दहा सालचा काळा डबा आहे,
धुळीने आता राखी.
त्याच्या पोटात अकराशे त्रेचाळीस फॉन्ट.
निम्म्यांच्या कंपन्या बुडाल्या,
तरी बारशाची पत्रिका त्यांच्यावाचून अडते,
कारण गिऱ्हाइकाला वरचा ‘श्री’
आजोबांच्या मुंजीतलाच हवा असतो.

सकाळी बटण दाबायचं.
मग किल्ल्या खणात, केर, पाण्याची बाटली,
तावडेंच्या टपरीवरून कटिंग,
पेपरातल्या निधनवार्ता
(त्यातल्या दोन तरी माझ्या हातच्या),
आणि मान वर करून बघावं
तर पडद्यावर ते कडं अजून फिरतंच आहे.

एप्रिलात एसएसडी आणली.
पत्त्यांच्या जोडापेक्षा हलकी,
हातात घेतली तर फसवलं की काय वाटावं.
खोक्यावर छापलेलं: सेकंदाला साडेपाचशे.
मला मिळाले दोनशे दहा.

लॅमिंग्टन रोडवरून जुबेर परकार आला,
दुपारी, उन्हातून, आधी पंख्याखाली उभा राहिला.
बाणाच्या बटणांनी बायोसच्या पायऱ्या उतरत गेला
आणि एका ओळीपाशी थांबला. आयडीई.
“ताई, याला कोणी सांगितलेलंच नाय
का जुनी डिस्क गेली म्हणून.
हा जुन्याच रीतीने चाललाय.
एका वेळी एकच मागायचं,
ते हातात पडेस्तोवर
दुसऱ्याचं नाव काढायचं नाय.”
ही रीत माझ्या ओळखीची होती.
मी कात्रीने उगाच एक कागद सरळ कापला.

त्याने एएचसीआय केलं. यंत्र कोसळलं.
निळा पडदा, पांढरी अक्षरं, पुन्हा निळा पडदा.
“माझंच चुकलं,” तो म्हणाला,
“एकदम बदललं ना. आधी कानावर घालायला हवं होतं.”
मग परत आयडीई, मग आतून सेफ मोडची खूण,
मग परत बदल,
मग एकदाचं ते उठलं,
बिचकत, मोठमोठ्या चित्रांचं, चारी कोपऱ्यांत सेफ मोड लिहिलेलं.
खूण काढली. दोनशे पासष्ट.

तेवढ्यावर थांबला असता तर बरं.
त्याने टॉर्च मारला
आणि खालच्या कोपऱ्यात दिसली दोन पांढरी पोर्टं,
दुप्पट वेगाची, वर रबरी टोपणं तशीच.
इतकी वर्षं.
मला राग आला, कोणाचा ते ठरवता येईना.
टोपण निघालं, टुणकन कुठेतरी गेलं.
तीनशे ऐंशी!
मी चहा सांगितला, सोबत खारी.

चहा येईतो कोरल उघडलं, सगळ्या फॉन्टांसकट.
एकतीस सेकंद.
जुबेरने भुवई उचलली, वायर निळ्या पोर्टात घातली,
पुन्हा उघडलं. बावीस.
पुन्हा पांढरं. तीस.
“हे पांढरं मागाहून चिकटवलेलं हाय,” तो म्हणाला,
“दुसऱ्याच चिपचं. मोठी फाईल एकरकमी आणतं, जोरात.
तुमचं काम चिल्लर. शेकडो बारकी बारकी अक्षरं.
चिल्लर मोजायला निळंच बरं.
बोला, आकडा बघायचाय का काम करायचंय?”

म्हटलं, निळं.
साडेपाचशे या डब्याच्या कुंडलीत नाहीत.
त्याने चारशे घेतले, खारी खिशात घातली, गेला.

दुसऱ्या दिवशी बटण दाबलं
आणि किल्ल्या खणात टाकायच्या आत
पडदा तयार, माझ्याकडे बघत.
केर तसाच. चहा सांगितलेला नाही.
मी चपला काढत होते,
एक पायात, एक हातात.

आता आधी केर, मग बटण.
त्याच केरात गुरुवारी ते टोपण सापडलं,
कपाटाखालून, धाग्यादोऱ्यांत गुंडाळलेलं.
पांढरं पोर्ट उघडं आहे, लावायला हवं.
सध्या सुट्ट्या पैशांच्या डबीत ठेवलंय,
रुपया शोधताना रोज बोटाला लागतं.